अर्ध्या गावाला खडू

गावंडे डॉक्टरांनी माझा हात पहिल्यांदा धरला तो माझी परवानगी घेऊन. मी तापानं फणफणले होते, केनवडच्या दवाखान्यातल्या बाकावर शाल गुंडाळून बसले होते आणि समोर हा उंच, किंचित वाकलेला माणूस उभा राहून म्हणत होता, "बाई, नाडी पाहू का?" मुलींच्या शाळेवर बदली होऊन मला थोडेच दिवस झाले होते आणि गावावरचा माझा राग अजून ताजा होता. मी म्हटलं, मग मी इथं कशासाठी आले आहे असं तुम्हाला वाटतं? ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "ते मला माहीत नाही. म्हणून विचारतो."

यात विनोद नव्हता. पुढची काही वर्षं मी त्यांच्या दवाखान्यासमोरच्या खोलीत राहिले आणि त्यांनी जाणूनबुजून विनोद केलेला मी एकदाही ऐकला नाही. विचारल्याशिवाय ते कोणाला हात लावत नसत. जीभ बघायची तर विचारत, पोट दाबायचं तर विचारत, लहान पोराच्या कानात बघायचं तर आईला विचारत आणि मग पोरालाही विचारत. पोर नाही म्हणालं की पंचाईत होई. मग ते पोराशी वाटाघाटी करत बसत आणि बाहेर रांग ताटकळत राही.

डॉक्टर इंझोरीचे, शेतकऱ्याच्या घरातले. बायको इंझोरीलाच शेत सांभाळून होती. नवऱ्यापेक्षा तुरीला आपली जास्त गरज आहे, असं ती म्हणे आणि डॉक्टरांनाही ते पटलेलं होतं. पेशंटशी वऱ्हाडी, माझ्याशी पुस्तकी आणि स्वतःशी इंग्रजी, अशी त्यांच्या बोलण्याची वाटणी होती. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला असे. नवी काडी का बसवत नाही, असं मी एकदा विचारलं. दोऱ्यानं काम होतं, असं म्हणाले. माणसात सुधारणेला वाव कमी होता.

औषध दिल्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "सांगा बरं, म्या काय सांगतलं?" पेशंटनं औषध कधी घ्यायचं, कशासाठी घ्यायचं आणि घेतल्यावर काय त्रास होऊ शकतो, हे सगळं परत म्हणून दाखवायचं. न जमल्यास बाटली मिळत नसे. दवाखान्याच्या ओट्यावर बायका नवऱ्यांची तयारी करून घेताना मी पाहिल्या आहेत. एक म्हातारा जेवणाआधी की जेवणानंतर यात सारखा अडकायचा. डॉक्टरांनी त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी बसवला. मी शिक्षिका असून माझ्याकडे एवढी चिकाटी नव्हती, हे मला तेव्हा फार लागलं होतं.

सुईच्या बाबतीत तर ते स्वतःचंच नुकसान करून घेत. त्या दिवसांत लोकांना सुई हवी असायची, दुखणं कसलंही असो. शिरपूरच्या वाटेवरच्या एका वस्तीतला एक माणूस अंग मोडून आलंय म्हणून आला. याला सुईची गरज नाही, चार दिवस आराम कर, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो म्हणाला, मग साध्या पाण्याची तरी द्या. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की पाण्याची देतो, पण ती पाण्याची आहे असं सांगून देईन, आणि तसं सांगितल्यावर तुला बरं वाटेल याची खात्री नाही. त्या माणसानंही थोडा विचार केला आणि तो रिसोडच्या मोटारीत बसून गेला. तिथं एक जण न सांगता टोचत असे. दोन दिवसांनी हा ठणठणीत होऊन परत आला आणि ते सांगायला मुद्दाम दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याचं अभिनंदन केलं.

गावाचं मत असं झालं होतं की माणूस सोन्यासारखा आहे, डॉक्टर म्हणून जरा कमी पडतो. पाटलांनी हे मत मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं.

डॉक्टरांना आयुष्यात एक गोष्ट मात्र मनापासून हवी होती, आणि ती म्हणजे नारूवरचं औषध. आता नारू कोणी पाहिलेला नसतो म्हणून सांगते. गावात पायऱ्यांची विहीर होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घागरी भरत आणि तेच पाणी पीत. त्या पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभरानं पायातून बाहेर येई, दोऱ्यासारखा, हातभर लांब. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. मध्येच तुटला की पाय सुजून माणूस आडवा. आणि हे सगळं नेमकं उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणी तोंडावर आली असताना. पाऊस पडून गेलाय, शेजारच्या शेतात तिफण चालली आहे आणि घरातली दोन माणसं बाजेवर पडून ते ऐकताहेत, असं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात असेच.

पाणी फडक्यानं गाळून प्या, हे डॉक्टर सांगत. लोक गाळत, डॉक्टर समोर असले तर. दवाखान्याच्या फळीवर त्यांनी काढलेले नारू बाटल्यांत घालून ठेवले होते. ते मला एकदा कौतुकानं दाखवल्यापासून मी शेवया खाणं सोडलं.

परदेशात एक नवी गोळी निघाली होती आणि तिनं नारू लवकर सुटतो असं कोणीतरी म्हटलं होतं. डॉक्टरांचे जुने प्राध्यापक एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात होते. ही गोळी केनवडला तपासून बघा, म्हणून डॉक्टर त्यांच्या मागे लागले होते. प्राध्यापक आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले आणि शेवटी एका उन्हाळ्यात हो म्हणाले. त्या दिवशी डॉक्टर समोरून माझ्या खोलीत आले, खुर्चीवर बसले, हसले आणि परत गेले. काय झालं ते सांगायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मोटारीतून पत्र्याचे छोटे डबे आले. निम्म्या डब्यांत औषधाच्या गोळ्या, निम्म्यांत तशाच दिसणाऱ्या खडूच्या. डब्यांवर नुसते आकडे. कोणत्या आकड्यात काय आहे ते फक्त प्राध्यापकांना ठाऊक, डॉक्टरांनाही नाही. नारू कधी कधी आपला आपण लवकर निघतो, तेव्हा गुण गोळीचा की नशिबाचा हे कळायला हवं म्हणून ही सोय. डॉक्टरांनी मला समजावलं आणि म्या काय सांगतलं ते माझ्याकडूनही म्हणवून घेतलं. प्राध्यापकांची एक सूचना सोबत होती. खडूचं लोकांना सांगू नये, ते घाबरतात. डॉक्टरांनी ती वाचली आणि कोतवालाला दवंडी द्यायला पाठवलं.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गोळी नवी आहे, गुण येईल की नाही माहीत नाही, मळमळ होऊ शकते, अर्ध्यांना औषध मिळेल आणि अर्ध्यांना खडू. खडू म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतला माल कुठे जातो याचा त्यांना उलगडा झाला असावा. एकानं विचारलं, खडू कोणाच्या वाट्याला येणार? डॉक्टर म्हणाले की ते मलाही माहीत नाही. यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. आपण कोणती गोळी देतोय हे ज्याला कळत नाही असा डॉक्टर सरकारनं आपल्याच गावाला का पाठवला, असा विचार चालू असावा.

मग पाटील उभे राहिले. त्यांच्या शेतावर वर्षाच्या बोलीवर ठेवलेले पुष्कळ सालदार होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दर वर्षी नारू होई. त्यांनी हात वर करून जाहीर केलं की माझी सगळी माणसं गोळ्या घेतील, नावं लिहून घ्या. सालदार मागं उभे होते. त्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांना हवी होती तेवढी माणसं एका झटक्यात मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, "पाटील, तुमी आता घरी जा."

पाटलांना पारावरून कोणी घरी पाठवल्याचं मी तरी तेव्हाच पाहिलं. ते गेले. डॉक्टरांनी एकेका सालदाराला दवाखान्यात बाजूला घेऊन विचारलं. पहिल्यानं सांगितलं, मालक म्हणतात तर घेतो. डॉक्टर म्हणाले, मालकाच्या पायात नारू नाही. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शेवटी एक जण खाली बघत पुटपुटला की मला नको. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला आत बसवून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी बरेच सालदार नको म्हणायला आले आणि चहाची वाट बघत बसले. तेव्हापासून डॉक्टरांनी दोन्ही उत्तरांवरचा चहा बंद केला.

तरीही माणसं मिळाली. ज्यांना हवं होतं, ज्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, अशी पुरेशी मिळाली, आणि त्यांत बायका जास्त होत्या. त्याचं श्रेय रुखमाकाकूंना. रुखमाकाकू म्हणजे गावात काहीही सार्वजनिक निघालं की पदर खोचून पुढे होणारी बाई. मारुतीच्या पंगतीला भाजायच्या जाड रोडग्यांसाठी घरोघरचं पीठ गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कोणाचं पीठ बारीक, कोणाचं किडकं, कोणाचं शेलकं. सगळं एका ढिगात ओतायचं, कालवायचं आणि पंगतीत सगळ्यांना सारखा रोडगा. कोणाचं पीठ कोणाच्या पानात गेलं हे विचारायचं नाही. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, दोघींच्याही पायांत त्या वर्षी नारू होता. दोघींना दोन डबे मिळाले.

पुढच्या तपासणीला मी दवाखान्यातच होते. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, गोळ्या घेतल्या का, आपल्याच डब्यातल्या घेतल्या का? काकू अभिमानानं म्हणाल्या की आता सगळ्या डब्यांत सारख्याच आहेत. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी सवयीनं विचारलं, "काकू, म्या काय सांगतलं होतं?"

काकूंनी धडाधड सांगितलं. अर्ध्यांत औषध, अर्ध्यांत खडू, कोणाचं काय ते कोणालाच माहीत नाही, आपापल्या डब्यातल्याच खायच्या. एक शब्द चुकला नाही.

"अन् मंग?"

"मंग का? आमच्या घरी दोन जावा. एकीनं दवाई खाची अन् एकीनं खडू, हे कसं जमन? सबन डबे मागवले, परातीत टाकले, कालवले अन् सारखे वाटून देल्ले. कोनालेच कमी नाही."

डॉक्टरांनी चष्म्याचा दोरा पुन्हा कानामागे अडकवला. माझ्यातल्या शिक्षिकेला उत्तर पैकीच्या पैकी वाटलं होतं. काकूंनाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी त्यांना सावकाश समजावलं की आता कोणाला गुण आला तरी तो कशानं आला ते सांगता येणार नाही. गोळ्या परदेशातून मोजक्याच आल्या होत्या, परत मिळायच्या नाहीत. काम संपलं. काकूंचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्या लंगडत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या. त्यांनी आपसात ठरवलं होतं. प्राध्यापक आले की प्रत्येकीनं शपथेवर सांगायचं, मी माझ्याच डब्यातल्या खाल्ल्या. पुरुषांनाही बजावून ठेवलं होतं. "आमच्या तोंडून नाही निंगनार," काकू म्हणाल्या. "तुमचं काम नाही बुडू देनार." डॉक्टरांनी गावाला इतकी वर्षं हो की नाही विचारलं होतं. त्या दिवशी गावानं त्यांना विचारलं आणि त्यांना काहीच बोलता आलं नाही. बायकांनी ते हो समजून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टर मला म्हणाले की प्राध्यापकांना खरं ते सांगणार. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. गावानं कोणासाठी एवढं केलेलं मी पाहिलं नव्हतं आणि ते मोडण्याचा त्यांना काय अधिकार, असंही म्हटलं. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. म्हणाले, "बाई, रुखमाकाकूला मी ओळखतो. पण उद्या इथले आकडे बघून कुठल्या तरी गावात कोणाला तरी ही गोळी देतील. तिला मी ओळखत नाही. तिला विचारायला कोण जाणार आहे?" मी त्यांच्या शेंगा खाल्ल्या.

प्राध्यापक जीपमधून आले. गोरेपान, अबोल, उन्हाची सवय नसलेले. दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि एकेकीला विचारू लागले. सगळ्यांची उत्तरं एकाच मापाची होती. रुखमाकाकूंनी तर मारुतीकडे हात करून सांगितलं. प्राध्यापक खूश झाले. इतकी शिस्तीची खेडवळ माणसं आपण पाहिली नाहीत असं ते म्हणाले, आणि हे सारं गावंडेंच्या नावानं छापून येईल असंही म्हणाले.

डॉक्टर खांबाजवळ उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "सर, या बायका खोटं बोलतात. माझ्यासाठी बोलतात. गोळ्या परातीत एकत्र केल्या होत्या."

प्राध्यापकांनी विचारलं की खडूचं यांना कोणी सांगितलं? मी, असं डॉक्टर म्हणाले. प्राध्यापक उठले, जीपमध्ये बसले आणि निघून गेले. त्यांना आणलेला चहा तसाच राहिला.

मला वाटलं होतं की गाव डॉक्टरांची कीव करेल. गाव रागावलं, आणि तो राग मला आजही चुकीचा वाटत नाही. ज्या बाईनं देवाकडे हात करून शब्द दिला तिला त्यांनी शहरातल्या मोठ्या माणसासमोर खोटारडी म्हटलं होतं. काकूंनी दवाखान्याची पायरी सोडली. बाकीच्या बायका माझ्या खोलीवरून जाताना समोर बघत नसत. पाटील मात्र बरेच दिवस खुशीत होते. डॉक्टर रोज वेळेवर दवाखाना उघडत, रिकाम्या बाकांकडे बघत बसत आणि कोणी चुकून आलंच तर पूर्वीसारखंच सगळं म्हणवून घेत. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. निरोप देण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाशीमला शाळेच्या कामासाठी मीही त्याच मोटारीनं निघाले होते, म्हणून जे झालं ते मला खिडकीतून दिसलं. डॉक्टरांची वळकटी अजून रस्त्याच्या कडेलाच होती. तेवढ्यात रुखमाकाकू आल्या. पायावर चिंधी बांधलेली, हातात काठी. नारू पुन्हा निघाला होता. त्या डॉक्टरांच्या समोर उभ्या राहिल्या. वर्षभरात त्यांच्याशी एक शब्द न बोललेली बाई.

"तुमी मले सबनायच्या समोर खोटं पाडलं," त्या म्हणाल्या.

"हाव," डॉक्टर म्हणाले.

"मंग आता खरं सांगा. त्या गोयीनं नारू जात होता का?"

"मले मालूम नाही, काकू. आता कोनालेच मालूम होनार नाही."

काकूंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "अन् तुमी खडूचं आमाले सांगतलंच नसतं तं?"

डॉक्टरांना इथं काहीतरी बरं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "तं मालूम झालं असतं."

ड्रायव्हर चढा चढा म्हणत होता. काकू हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज चढला होता. "मंग काहून सांगतलं?"

"पाय तुमचा होता," डॉक्टर म्हणाले.

काकू हळूच वळकटीवर बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि पायावरची चिंधी सोडायला लागल्या. डॉक्टर रस्त्याच्या धुळीत त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, वाट पाहिली, पुन्हा वाजवला आणि मोटार सोडली.